‘पॅसिव्ह व्हॉइस’ म्हणजे कर्मणी प्रयोगच का?

प्रश्न : ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. मग त्याचं इंग्रजी ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असंच ना?

– नाही, सरळ ‘राम एट द मँगो’. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे फिरतं यावर : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. इंग्रजीत कर्त्याच्या जागी कोण बसलंय ते पाहायचं. आपल्या या वाक्याला प्रधानकर्तृक कर्मणी म्हणतात, म्हणजे नावातच कर्ता प्रधान आहे. पॅसिव्हला जवळचा तो नवीन कर्मणी : ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’.

– पॅसिव्हचं रूप करताना कर्म पुढे आणा, मूळ क्रियापदाचा काळ ‘बी’ या क्रियापदावर (इज, वॉज ही त्याचीच रूपं) चढवा, मग क्रियापदाचं तिसरं रूप लावा. ‘राइट्स’चं ‘इज रिटन’, ‘रोट’चं ‘वॉज रिटन’, ‘विल राइट’चं ‘विल बी रिटन’. गोंधळ होतो तो पुढच्या दोन रूपांत : चालू काळाला ‘इज बीइंग रिटन’, पूर्ण काळाला ‘हॅज बीन रिटन’. आणि ‘बी’चं वचन नव्या कर्त्याप्रमाणे : एकवचनी ‘लेटर’ला ‘वॉज’, अनेकवचनी ‘लेटर्स’ला ‘वर’ (were).

– एक महत्त्वाची भर. ‘चोराला पकडलं गेलं’ यात आपला ‘ला’ टिकून राहतो, म्हणून मुलं ‘हिम वॉज कॉट’ लिहितात. इंग्रजीत पुढे आलेलं कर्म पुरतं कर्ता होतं : ‘ही वॉज कॉट’. ‘मला पुस्तक दिलं गेलं’ याचंही ‘आय वॉज गिव्हन अ बुक’. इथे मुलांना ‘आय’ सुचत नाही, कारण मराठीत तिथे ‘मला’च असतं.

– अकर्मक क्रियापदांना पॅसिव्ह नाही. ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ चूक, ‘हॅपन्ड’ पुरे. उलट ‘आय वॉज बॉर्न’मधला ‘वॉज’ गाळू नका; ते ‘बेअर’ म्हणजे जन्म देणे याचं पॅसिव्ह आहे.

– आणि भाषांतरात ‘बाय’ दिसला की ‘द्वारे’ ठोकू नका. ‘द्वारे’ साधनासाठी शोभतं : टपालाद्वारे. ‘समितीद्वारे अहवाल सादर केला गेला’ यापेक्षा ‘समितीने अहवाल सादर केला’ हेच नीट मराठी. इंग्रजीतही कर्ता ठाऊक नसला की ‘बाय’ येतच नाही : ‘माय सायकल वॉज स्टोलन’. याचं मराठी ‘चोरली गेली’ असं करायची गरज नाही. ‘माझी सायकल चोरीला गेली’ ही आपली रचना तयारच आहे.