मदत हवी आहे: कुंड्यांतली काळी चिलटं आणि बीटीआयचा डोस

नमस्कार मंडळी. कोथरूडला गॅलरीत २२ कुंड्या आहेत, कोकोपीट जास्त, शिवाय पावसाळी दमट हवा. मातीवर बटाट्याची चकती ठेवली की दोन-तीन दिवसांत खाली काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या दिसतात, म्हणजे फंगस नॅटच. पिवळे चिकट सापळे लावलेत, पण त्यात फक्त उडणारी चिलटं अडकतात. अळ्या वरच्या दोन-तीन इंचांत तशाच.

बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध) द्यायचंय. दुकानदार 'बीटी' म्हणून त्याच जिवाणूचा दुसरा प्रकार, कुर्स्टाकी, हातात ठेवतात. ते पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठी, इथे निरुपयोगी! इस्रायलेन्सिसच हवं, कारण तेच डास आणि चिलटांच्या अळ्यांवर चालतं.

प्रश्न असे:
१. मार्केट यार्ड परिसरात किरकोळ पाकीट मिळतं का? ताजं, उन्हात न ठेवलेलं.
२. लेबलवरचा डोस साचलेल्या पाण्यातल्या डासांसाठी असतो. कुंडीत ओतायला लिटरमागे किती घेता? दर आठवड्याला, तीन-चार वेळा द्यायचा विचार आहे. कोष आणि अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून एका वेळेत भागत नाही.
३. कमळाच्या टबात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत. बीटीआयने माशांना अपाय होत नाही, पण गप्पी असताना ते वेगळं टाकायची गरज पडते का?

निंबोळी पेंड सुचवू नका, ओल्या कोकोपीटवर तिला बुरशी येते आणि चिलटं आणखी वाढतात.