गोष्टीची पुस्तकं वाचणं म्हणजे वेळ घालवणं?

काळाचौकी: काल वाचनालयात एका आजोबांनी नातीच्या हातातली कादंबरी काढून घेतली. "दहावीचं वर्ष आहे, ज्ञान मिळेल असं काही वाच." पोरगी गप्प. मला राहवेना, म्हणून लिहितेय.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मी अभ्यासाच्या पुस्तकांत वाचलं. पण बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला रिकामा डबा घेऊन घराबाहेर पडत आणि थोरला भाऊ त्यावरून आईशी भांडे. त्या भावाचा राग मी कित्येक वर्षं धरला. जयंत पवारांचं 'अधांतर' नाटक वाचलं, गिरणगावातल्या त्या घरातली सैरभैर पोरं पाहिली आणि त्याच रात्री भावाला फोन केला. हे शिकणं नाही?

डोंबिवलीकर: ताई, वाचून गलबललो, पण शिकणं वेगळं. घर घेताना विकासक मला सुपर बिल्टअपचे, म्हणजे जिना-लॉबीचा वाटाही धरलेले आकडे दाखवत होता. महिनाभर लोकलमध्ये उभ्यानं रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावरचं पुस्तक वाचलं. 2016 च्या कायद्याप्रमाणे हिशोब कार्पेट एरियाचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा. पेन्सिलीनं खुणा केलेलं पान त्याच्यासमोर ठेवलं, तेव्हा त्यानं दुसरा कागद काढला. कादंबरीतली चूक तपासणार कुठे? आणि विरंगुळाच हवा तर माडगावकरांचं 1863 चं 'मुंबईचे वर्णन' घ्या, मी त्यात स्टेशन चुकलोय.

खडू-फळा: मी नववीला इतिहास शिकवते. मुंबईतला 1896 चा प्लेग सांगितला की मुलं साल लिहून घेतात आणि खिडकीबाहेर बघतात. एकदा म्हटलं, तपासणीचे शिपाई तुमच्या खोलीत शिरलेत, आजीला उचलून नेतायत, एक पान लिहा. एकीनं लिहिलं, आजीनं जाताना बांगड्या पिठाच्या डब्यात दडवल्या. वर्ग शांत झाला. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, घरात घुसायचा अधिकार त्यांना दिला कुणी?" तेव्हा कुठे 1897 चा साथरोग कायदा उघडला. आठ वर्षं शिकवतेय, तोवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डोंबिवलीकर: उत्तर कायद्यातच सापडलं ना, बाई? माझं मत कायम. मात्र त्या आजोबांनी पुस्तक हिसकावायला नको होतं. ताई, पोरीला ते परत मिळालं का?

काळाचौकी: मिळालं. त्यांची पाठ वळल्यावर मी माझ्या नावावर घेऊन दिलं.