तीन मुलांवर केलेला अभ्यास 'प्रयोग' ठरत नाही का?

विशेष शिक्षिका, लक्ष्मीनगर
आमच्या शाळेतल्या तीन मुलांना बोलता येत नाही. चित्रकार्ड देऊन हवी ती वस्तू मागायला त्यांना शिकवायचंय. त्यासाठी मल्टिपल बेसलाइन पद्धत निवडली. डब्याच्या सुट्टीत मूल स्वतःहून किती वेळा मागतं, याची तिघांचीही नोंद एकाच दिवशी सुरू करायची. मग आधी फक्त एकाला शिकवायचं. त्याचा आलेख चढला आणि बाकी दोघांचा होता तिथेच राहिला, की दुसऱ्याची पाळी, मग तिसऱ्याची. प्रस्ताव तपासणाऱ्यांचा शेरा आला: 'नमुना अपुरा, नियंत्रण गट नाही,' म्हणजे मुलं कमी आणि तुलनेसाठी न शिकवलेल्या मुलांचा वेगळा गट नाही. मला हा शेरा मान्य नाही. ज्यांना अजून शिकवलेलं नाही, तीच मुलं इथे तुलनेला आहेत. आणि प्रत्येकाचे आधीचे दिवस त्याच्या नंतरच्या दिवसांशी ताडून बघता येतातच.

आकडेवाला, सिव्हिल लाइन्स
ताई, शेरा अगदीच चुकीचा नाही. शिकवणाऱ्या तुम्ही, मोजणाऱ्याही तुम्हीच, आणि पुढच्याला कधी सुरू करायचं तेही आलेख बघून तुम्हीच ठरवणार! निदान क्रम तरी चिठ्ठ्या टाकून ठरवा. तरीही तिघांचे क्रम होतात फक्त 6, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसं जुळण्याची शक्यता 6 मध्ये 1. चार मुलं घेतली तर क्रम 24 होतात आणि तीच शक्यता 0.05 च्या, म्हणजे निकाल योगायोगाचा नाही असं मानायच्या नेहमीच्या मर्यादेच्या, खाली येते.

विशेष शिक्षिका
चौथं मूल आणि चिठ्ठ्या, दोन्ही मान्य. मोजायला दुसऱ्या वर्गाच्या बाई बसतील. पण नियंत्रण गट नको. आमच्याकडे एक मूल डोळ्याला डोळाही देत नाही, तर दुसरं हात धरून फळीपाशी नेतं. त्यांची सरासरी काढून कोणाचं काय कळणार? शिकवणं मध्येच थांबवून वागणं पूर्ववत होतं का बघायचं, तर मागायला शिकलेलं मूल ते विसरत नाही, आणि विसरावं असं कोणाला वाटेल? बेअर, वुल्फ आणि रिस्ली या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये मल्टिपल बेसलाइन पद्धत मांडली ती नेमकी अशा न उलटणाऱ्या वागण्यांसाठी.

मानसशास्त्राचा विद्यार्थी, रामदासपेठ
चारही मुलं एकाच वर्गात नकोत, ताई. कार्ड दिल्यावर एकाला संत्र्याची फोड मिळाली हे शेजारचा बघतोच. शिकवण्याआधीच तोही कार्ड उचलू लागला, तर तुलना संपली.
नोंद एकाच काळात हवी, हा आग्रह मात्र सोडू नका. मुलं वेगवेगळ्या महिन्यांत घेतली तरी चालतं, असं म्हणणारेही आहेत. पण नागपुरात ऊन तापलं की शाळा सकाळची होते, डब्याची वेळ बदलते, भूक बदलते. त्याच दिवशी न शिकवलेल्या मुलांचंही मागणं वाढलं, तर ते कार्डांमुळे नाही हे लगेच दिसेल. वेगवेगळ्या काळातल्या नोंदींत हे कळणारच नाही.

एक आई, मानेवाडा
तुमचं गणित असेल बरोबर. पण शेवटच्या मुलाचं काय? माझा मुलगा हवं ते मिळालं नाही की स्वतःचा हात चावतो, मनगटावर वळ असतात. त्याला कार्डं द्यायची सोडून आठवडेच्या आठवडे नुसतं मोजत काहून बसायचं?

मानसशास्त्राचा विद्यार्थी
काकू, रोज मोजावं लागत नाही. हॉर्नर आणि बेअर यांनी 1978 मध्ये अधूनमधून चाचपणी करायची रीत दाखवली आहे. आणि नियंत्रण गट असता तर त्यातल्या मुलांना अभ्यास संपेपर्यंत काहीच मिळालं नसतं. इथे पाळी प्रत्येकाची येते.

एक आई
मोजणं कमी झालं रे बाळा, थांबणं कुठे कमी झालं?

विशेष शिक्षिका
ताई, तुमचं खरं आहे. जे मूल स्वतःला इजा करतं, त्याचं नाव चिठ्ठीत टाकणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून कार्डं, आणि त्याची नोंद अभ्यासाबाहेर. वाट बघताना दुसऱ्या कुणी तसं सुरू केलं तर त्याचीही पाळी लगेच, आलेख बिघडला तरी.

आकडेवाला
हे योग्यच. मग अहवालात तसं स्पष्ट लिहा, की निष्कर्ष स्वतःला इजा न करणाऱ्या मुलांपुरताच आहे. हात चावणाऱ्या मुलांसाठी कार्डं चालतात, असा दावा या चौघांवरून करता येणार नाही.