द्राक्षमळ्याचा धनी आणि 'विहीर माझी'

हिशेबी: रविवारी चर्चच्या प्रवचनात पुन्हा तेच, "गरिबांची बाजू घ्या." अहो फादर, बायबलमधलं मत्तय 20 वाचा, द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट! संध्याकाळी पाचला आलेल्या मजुरालाही मालक पूर्ण दीनार, म्हणजे दिवसभराची मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरले तर म्हणतो, माझ्या पैशांचं मी काय करावं ही माझी मर्जी. येशूने मालकी हक्कच शिकवला. वेदीवरून समाजवाद कशाला?

वाडीकर: 'मर्जी' तेवढी दिसली? दिवसभर चौकात रिकामे का उभे, या मालकाच्या प्रश्नावर पाचला आलेल्यांचं उत्तर वाचा: "आम्हाला कुणी कामाला लावलं नाही." मालकाने तास मोजले नाहीत, घरची चूल मोजली. पोप तेराव्या लिओंनी 1891च्या परिपत्रकात समाजवाद झोडपला, खाजगी मालमत्ता उचलून धरली. आणि त्यातच म्हटलं, मजूर नाइलाजाने कमी मजुरीवर राजी झाला तरी तो अन्यायच. 2025मध्ये नव्या पोपनी तेच नाव उगाच नाही घेतलं.

हिशेबी: वसईत बसून हे बोलणं सोपं. टँकरने विहिरीचं पाणी विकून बंगले कुणी बांधले? पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनीच ना?

वाडीकर: टोमणा कळला. हो, माझ्या काकांनी विकलं. शेजारच्या म्हातारीची विहीर आटली, केळी करपली. काका म्हणायचे, "विहीर माझी." तुमचंच मत्तय 20! इकडे फादर दिब्रिटो हरित वसईसाठी भांडत होते, तिकडे आमच्या वाडीत पंप चालू.

सोपारेकरीण: टँकर नसते तर नालासोपाऱ्याच्या चाळीत आम्ही काय प्यायलो असतो? आई रात्री दोनला हंडे घेऊन रांगेत उभी राहायची. तुमची केळी करपली, आमचा घसा.

वाडीकर: मग पैसे का घेतले तुमच्याकडून? फुकट द्यायचं होतं.

सोपारेकरीण: काकांना विचारा. मला काय विचारता?

नगरचा: विहीरवाल्यांचं चालू द्या. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. बाप्तिस्मा घेतला, तरी चर्चमध्ये बाक मागचाच. वर 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आम्हा दलित ख्रिस्त्यांच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. शिखांना 1956त मिळाल्या, बौद्धांना 1990त. आम्ही अजून चौकात उभे, पाच कधीच वाजून गेले.

हिशेबी: विषय मजुरीचा होता, आरक्षणाचा नाही.

नगरचा: विषय "कुणी कामाला लावलं नाही" हाच होता. तुम्हीच काढलात.

हिशेबी: बरं बाबा, अर्धा मुद्दा मान्य. पण वाडीकर, काकांच्या बंगल्यात तुमची खोली कुठली?

वाडीकर: वरची. तिथे पाणी चढत नाही. टँकर मागवतो.