मदत हवी आहे: डीएनए सारखाच, मग आई बदलली की लेकी वंध्य का निघतात?

नमस्कार. एमएस्सी प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. पुढच्या आठवड्यात पायआरएनएवर, म्हणजे बीजपेशींत ट्रान्सपोझॉनांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएंवर, सेमिनार आहे आणि एका जागी गाडी अडली आहे.

फळमाशीत पी-एलिमेंट नावाचा ट्रान्सपोझॉन असतो, म्हणजे डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारा तुकडा. नर पी असलेला, मादी पी नसलेली असा संकर करून पिल्लं २९ अंशांना वाढवली तर त्यांच्या बीजग्रंथी खुरटतात. उलट्या संकरात, म्हणजे पी आईकडून आला तर, पिल्लं ठणठणीत. दोन्हीकडच्या लेकींचा डीएनए मात्र सारखाच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून नुसता बसून राहिलो होतो.

आई बीजांडात पायआरएनएची शिदोरी बांधून देते, शुक्राणूकडून ती येत नाही, हे समजलं. पण आईकडे तरी ती आली कुठून? पी-एलिमेंट या जातीत विसाव्या शतकात ड्रॉसोफिला विलिस्टोनी या दुसऱ्या जातीतून शिरला. तेव्हा कुठल्याच आईकडे त्याच्याविरुद्ध काही नसणार. शिवाय पायआरएनए बनवणारी जागा लेकीला बापाकडूनही मिळते, मग ती स्वतः का बनवत नाही?

प्रतिसाद १

प्रश्न फार नेमका विचारलात. गुणसूत्रांवर काही ठिकाणी जुन्या, मोडक्या ट्रान्सपोझॉनांचा ढीग साचलेला असतो. त्याला क्लस्टर म्हणतात. तिथून लांबलचक आरएनए निघतो आणि त्याचे बारीक तुकडे होऊन, साधारण २३ ते ३० न्यूक्लिओटाइडांचे, पायआरएनए बनतात. नव्या ट्रान्सपोझॉनची एखादी प्रत उड्या मारता मारता या ढिगात पडली, की तिचेही तुकडे निघू लागतात. पडणं योगायोगाचं, पण ज्या माशीत ते घडलं तिची संतती तगते आणि पसरते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जागा मिळते, पण चूल पेटवायला विस्तव आईचा लागतो. तिच्याकडून आलेले पायआरएनए घेऊन ऑबर्जिन हे प्रथिन ट्रान्सपोझॉनचा एमआरएनए कापतं. तो तुकडा एजीओ३ हे दुसरं प्रथिन उचलतं आणि क्लस्टरचा आरएनए कापतं, त्यातून पुन्हा ऑबर्जिनसाठी पायआरएनए तयार. या चक्रालाच पिंगपाँग म्हणतात. विस्तव नसेल तर सुरुवात फार उशिरा होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणपणी वंध्य असलेल्या अशा माद्या वय वाढल्यावर अंडी देऊ लागल्या, आणि तोवर त्यांच्यात पीविरुद्धचे पायआरएनए तयार झालेले होते. सेमिनारमध्ये हा प्रयोग नक्की घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार, सर. वय वाढल्यावर सुधारणा होते हे माहीतच नव्हतं. एकच विचारतो: पायआरएनए एमआरएनएला जुळायला त्याचा पूरक असावा लागतो, मग प्रत ढिगात उलट्या दिशेने पडली तरच उपयोग होतो का?

प्रतिसाद १

क्लस्टरवर अवलंबून. एक्स गुणसूत्रावरचा फ्लॅमेन्को एकाच बाजूने वाचला जातो, तिथे दिशा महत्त्वाची. तो बीजपेशींभोवतीच्या आधारपेशींत काम करतो. खुद्द बीजपेशींतले बहुतेक क्लस्टर दोन्ही बाजूंनी वाचले जातात, तिथे कशीही पडली तरी चालते.