मुलांना गॅस कधीपासून द्यायचा? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-३०४: काल घरी जरा गडबड झाली म्हणून लिहितेय, कुणाला घाबरवायचं नाहीये. माझा मुलगा बारा वर्षांचा, शाळेतून आल्यावर दोन तास एकटाच असतो, काल त्याने दूध गरम केलं आणि पातेलं उतरवायला सिंकजवळचं फडकं घेतलं, ते नेमकं ओलं. चटका बसला तसं पातेलं सुटलं, अर्धं दूध ओट्यावर, पायावर नाही आलं एवढं नशीब. दोन बोटं लाल झालीयेत. शंभर वेळा सांगितलंय त्याला, सांभाळून कर म्हणून 😞

बी-१०१: अगं बाई. टूथपेस्ट लावलीस ना लगेच? छान गार वाटतं

ए-५०२: मावशी प्लीज टूथपेस्ट नको!! मी हॉस्पिटलमध्ये ड्युटी करते, भाजलेल्यावर पेस्ट नाहीतर लोणी थापून आलेली मुलं बघते, आधी ते सगळं धुवावं लागतं आणि तेव्हा पोरं जास्त रडतात. बर्फ पण नाही. नळाचं गार वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. लगेच नाही जमलं तरी पहिल्या तीन तासांत धरलं तर फायदा होतो. अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं, कापड चिकटलं असेल तर ओढायचं नाही, फोड फोडायचा नाही. मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर, किंवा कातडी पांढरी पडली तर सरळ डॉक्टर. ताई फोड नाहीत ना? बोटांवर आले तर दाखवून घ्या

सी-३०४: नाहीत गं. पाण्याखाली धरला होता हात त्याने पण पाच मिनिटांत कंटाळला

ए-५०२: सगळेच कंटाळतात. स्टूल द्या, मोबाईल द्या दुसऱ्या हातात, पण २० म्हणजे २०

डी-२०३: मुळात या वयात गॅसला हात लावू द्यायचाच कशाला. आमच्याकडे चौदा पूर्ण होईपर्यंत नो एन्ट्री

सी-३०४: दादा तुमच्याकडे दिवसभर कोणीतरी घरी असतं. आणि बंदी घातली की करत नाहीत असं थोडीच आहे, आपण नसताना करतात

बी-४०४: मी शाळेत विज्ञान शिकवायचो, वर्गात बर्नर पेटायचे, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, वैतागू नका. "सांभाळून" या शब्दातून मुलाला काहीच कळत नाही. त्याच्या मते तो सांभाळूनच करत होता, फडकं घेतलं होतं की त्याने! त्याला हे सांगायला हवं होतं की उचलायच्या आधी फडकं मुठीत दाबून बघ, गार लागलं तर दुसरं घे. कोरडं फडकं वाचवतं ते त्यातल्या हवेमुळे, आणि पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओलं फडकं म्हणजे जवळपास भांडंच हातात. एवढं कारण सांगितलं की बारा वर्षांचा मुलगा ते विसरत नाही, नुसता नियम सांगितला तर विसरतो.

दुसरं, मी मुलांना पहिल्या दिवशी गॅस पेटवायला शिकवणारच नाही. बंद करायला शिकवीन. खाली सिलेंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपचा कॉक बंद ठेवायचा आणि नॉब चालू-बंद चालू-बंद, डोळे मिटूनसुद्धा जमला पाहिजे. कारण घाबरलं की माणूस बघत नाही, हात आपोआप जातो तिकडे जातो.

ए-३०१: काका पटलं एकदम. आमची तेरा वर्षांची कुकरची शिट्टी चमच्याने उचलायची, घाई हो नुसती. तिला सांगितलं आत १२० डिग्रीच्या आसपास असतं, साध्या उकळत्या पाण्यापेक्षा जास्त, झाकण जोर करून उघडलंस तर ते पाणी एकदम उसळून तोंडावर येईल. तेव्हा थांबली. आता आपली आपण प्रेशर पडायची वाट बघते आणि झाकण स्वतःपासून लांब धरून तिरकं उघडते

डी-२०३: बरं आणि तेल पेटलं तर? तेव्हा काय डोळे मिटून?

बी-४०४: चांगलं विचारलंत. पेटत्या तेलावर पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथे तेल शंभर डिग्रीच्या कितीतरी वर, पाण्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सतराशेपट जागा लागते. ती जागा करून घेताना पेटतं तेल वर उडवते. म्हणून गॅस बंद, जमलं तर धातूचं झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवायचं, वरून टाकायचं नाही, आणि कढई जागची हलवायची नाही, झाकण लगेच उघडून बघायचं नाही. ज्वाळा मोठ्या असतील तर मुलाने काही करायचं नाही, बाहेर पडून मोठ्या माणसाला हाक मारायची. ही प्रॅक्टिस थंड, रिकाम्या कढईवर करता येते. पण आधी एक प्रश्न, तळताना तुमच्या सगळ्यांच्या ओट्यावर झाकण असतं का? खरं सांगा

बी-१०१: ट्रॉलीत सगळ्यात खाली 🙈

सी-१०५: हाय मी आईच्या फोनवरून टाइप करतेय, मी तेरा वर्षांची. मला सगळे म्हणतात सुरीला हात लावू नको लागेल पण सुरी धरायची कशी ते कोणी दाखवलंच नाही. आणि आमची सुरी एवढी बोथट आहे की टोमॅटो दबतो कापला जात नाही

बी-४०४: बाळा तू बरोबर बोललीस. बोथट सुरी जास्त धोक्याची, जोर द्यावा लागतो आणि मग ती सटकते. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळव, मांजराच्या पंजासारखी, नखं मागे आणि सुरी पेरांना घासून चालली पाहिजे. बोर्डखाली ओलं फडकं घाल म्हणजे सरकणार नाही. (हो, ओल्या फडक्याची खरी जागा ती!) आणि सुरी पडली तर झेलायची नाही, हात वर, पाय मागे.

सी-१०५: ओके काका 👍 आई म्हणते धार लावून आणते

सेक्रेटरी: गॅसच्या वासाचं मी सांगतो. मुलांना एवढंच पाठ करून घ्या की वास आला तर कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, एक्झॉस्ट फॅन तर नाहीच, कारण बटण दाबताना ठिणगी पडते. खिडकी-दार उघडा, बाहेर या, फोन बाहेरून करा. सिलेंडरचा गॅस जड, खाली जमिनीलगत साठतो, पाइपचा हलका, वर जातो, पण बटणाचा नियम दोन्हीला सारखाच. रविवारी दहा वाजता हॉलमध्ये मुलांना घेऊन या, आग नाही, फक्त थंड भांडी, झाकणं, फडकी

बी-१०१: कढई माझी. झाकण शोधते

सी-३०४: अपडेट. आत्ता रेग्युलेटर बंद करून डोळे मिटून नॉब बंद करायला सांगितलं, तर याने उलटीकडे फिरवला. आमच्या शेगडीत तिकडे सिम होतो, बंद नाही!! एवढे दिवस हा बारीक झाला म्हणजे बंद झाला समजत असेल तर? आता दहा वेळा करतोय

डी-२०३: मी पण आत्ता करून बघितलं. मी पण सिमवरच नेला

बी-४०४: रविवारी तुम्हीही या