पातळ धारेचा कोयता मुद्दाम करून घेतला, पण धार वळते. चूक कोयत्याची की माझ्या हाताची?

रानफिरस्ता:
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी गावच्या लोहाराकडून एक कोयता करून घेतला, गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा. बाजारातले कोयते जाड असतात, लाकडात शिरतच नाहीत, म्हणून त्यांना सांगितलं की पाठीला ५ मिमी ठेवा पण धारेकडे जेवढं पातळ करता येईल तेवढं करा. पातं १० इंच, वजन अर्धा किलोच्या आतबाहेर. पहिल्या दिवशी ओल्या शेवग्याच्या फांद्या एका घावात खाली, मी तर खूश झालो. मग बांधावरचा वाळका बांबू तोडायला घेतला आणि तिथे गडबड झाली. टोकाकडच्या भागात तीन ठिकाणी धार चंद्रकोरीसारखी एका बाजूला वळलीये, एकेक २-३ मिमीची. वडील म्हणतात असला ब्लेडसारखा कोयता कशाला, जाडच बरा. पण ती पहिल्या दिवसाची काप मला विसरता येत नाही. धार परत जाड करून घेऊ का?

लोखंडवेडा:
थांबा, घाई करू नका. आधी हे बघा की धार वळलीये की तुकडा उडालाय. उन्हात धरा आणि नख पात्याच्या पाठीकडून धारेकडे घसरवा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला नख अडकलं तर वळलीये. तुमच्या वर्णनावरून वळलेलीच वाटते, ते त्यातल्या त्यात बरं. तुकडे उडत असते तर पाणी (म्हणजे पातं तापवून विझवताना पोलादाला येणारा कडकपणा) कडक बसलंय असं म्हटलं असतं. वळते म्हणजे एक तर पाणी मऊ आहे, किंवा पातळ करताना ग्राइंडरवर धार तापून निळी पडली आणि तिथलं पाणी उतरलं, किंवा मग आडवा जोर पडतोय.

पितळेच्या जाड सळईवर एक चाचणी करून बघा. धार सळईवर टेकवायची, धार लावताना धरतो तेवढ्याच तिरक्या कोनात, आणि हलका दाब देत पुढे न्यायची. दाबाच्या जागी धार किंचित वाकून परत सरळ आली तर पाणी बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ. तडकली तर कडक. पाट्याचं पोलाद साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं असतं आणि अशा कामाला ते खरंच चांगलं आहे, पोलादाला दोष देण्याआधी हे तपासा.

बागायतदार:
मला तर हाताचीच चूक वाटते, राग मानू नका. आमच्याकडे रोज चार-पाच तास कोयता चालतो. तुमच्या तिन्ही खुणा टोकाकडे आहेत ना, मग घाव टोकाने बसतोय, आणि अडकला की तुम्ही मनगट पिळून काढताय. जाड कोयता हे सगळं पोटात घालतो, पातळ घालत नाही. अडकला तर मूठ वरखाली हलवायची, म्हणजे धारेच्याच रेषेत, आणि सरळ मागे ओढायचा. डावीउजवीकडे अजिबात नाही. उचकटायचं काम तर या कोयत्याने कधीच करायचं नाही.

अजून एक बघा. तोडलेल्या फांदीचा काप हातात घेऊन न्याहाळा. सपाट आणि चकचकीत असेल तर पातं सरळ गेलंय. काप वाटीसारखा खोलगट निघाला तर पातं आत शिरताना फिरलंय. मी नव्या गड्याला पहिला आठवडा हेच बघायला लावतो, कोयत्याकडे बघू नको कापाकडे बघ म्हणून. घाव आडवा सपाट मारू नका, साधारण ४५ अंशात तिरका मारा. मूठ सैल धरा आणि घाव बसायच्या क्षणी आवळा. आणि पाय, पाय कोयत्याच्या वाटेत नकोत, पातळ कोयता लाकडातून आरपार निघून पुढे येतो हे जाड कोयत्याची सवय असलेल्याच्या लक्षातच राहत नाही.

वाळक्या बांबूच्या पेराच्या गाठीवर मात्र हा कोयता नकोच. गाठ सोडून मधल्या कांडावर मारा, नाहीतर घरचा जाड कोयता घ्या. वडील त्या बाबतीत बरोबर आहेत.

लोखंडवेडा:
बागायतदार दादांशी सहमत. यात अजून एक भर घालतो. अमेरिकेत अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाती घडवणाऱ्या लोहारांची संस्था आहे, तिची जर्नीमनची, म्हणजे शिकाऊच्या वरच्या दर्जाची परीक्षा असते. पातं जास्तीत जास्त १० इंच लांब आणि २ इंच रुंद, म्हणजे जवळजवळ तुमच्याच कोयत्याएवढं. त्याने एक इंच जाडीचा लोंबकळता दोर एका घावात तोडायचा, मग टू बाय फोरची (नावाला दोन बाय चार इंचांची) लाकडी पट्टी दोनदा तोडायची, आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं शिकंजात धरून ९० अंशात वाकवतात. दोर बांधलेला नसतो, त्यामुळे धार जाड असली किंवा घाव मंद असला की तो नुसता बाजूला होतो. म्हणजे तिथे पोलाद, धार आणि मनगट तिन्हींची परीक्षा एकदमच होते. तिथल्या तोडण्याच्या स्पर्धांसाठी लोक सीपीएम एम४ किंवा सीपीएम ३व्ही सारखं महागडं पोलाद वापरतात, पण पातं फिरलं की तिथेही धार जातेच.

रानफिरस्ता:
दोघांचेही मनापासून आभार. पितळी सळई मिळाली, वाकून परत सरळ आली, म्हणजे पाणी ठीकच आहे. फांद्यांचे काप पाहिले, दहापैकी सात खोलगट निघाले, आता काय बोलू. आजपासून ओल्या फांद्यांवर सराव चालू केलाय. मोबाईलवर व्हिडिओ काढला तर मनगट शेवटच्या क्षणी आत वळतंय हे स्पष्ट दिसलं. आता वळलेल्या धारेचं काय करू, कानस मारू का?

बागायतदार:
कानस नको, फार खाईल. आधी वळलेला भाग गुळगुळीत सळईवर हलक्या हाताने घासून सरळ करा, मग बारीक दगडावर पाणी टाकून धार लावा. पूर्वीचा उतार तसाच राहू द्या, फक्त अगदी टोकाच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी २० अंशाच्या आसपास एक बारीकसा उतार द्या, केसाच्या जाडीएवढा दिसला की बास. पातळपणा जाणार नाही आणि धारेला आधार मिळेल. लावल्यावर आधी शेवगा, मग आंबा, बांबू सगळ्यात शेवटी.